हादग्याखालची पानवेल

१९ जानेवारी, रविवार

ऋतुजा म्हणली, आजी तू लिहीत जा. काय लिहू म्हणलं, तर म्हणली मनात यील ते लिही, दिवसभर छताकडं बघत पडण्यापरीस बरं. ही डायरी दिवाळीला लेकाच्या खताच्या दुकानातून आली होती, वर गव्हाच्या लोंबीचं चित्र हाय. ऋतुजा माझी नात. परभणीला नर्सिंग शिकायली. पांढरा कोट घातलेला फोटो तिनं पाठवला, तर मी फोनचाच मुका घेतला अन् भलत्याच माणसाला फोन लागला. तो हॅलो हॅलो करायला. शिवप्रकाश, म्हणजे तिचा बाप, माझा लेक, हासून हासून बेजार.

माझं अक्षर असं हाय, कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी. चारठाण्याला तिसरीपर्यंत शाळा केली. मंग पाठचा भाऊ झाला अन् त्याला काखंत घेऊन मी घरी. शाळेतल्या बाई बोलवायला आल्या होत्या, आईनं त्यांला चहा पाजून वाटं लावलं. जाऊ द्या. कुठली गोष्ट कुठं निघाली.

पडले ते लिहिते. दिवाळी होऊन गेली होती. परसात पानवेलीची पानं खुडायला गेले, हौदापाशी शेवाळ होतं, पाय सटकला. खुबा मोडला. शेजारच्या गीताबाईनं भिंतीवरून बघितलं म्हणून बरं, न्हाई तर मी तिथंच पडून ऱ्हाते. परभणीच्या दवाखान्यात खुब्यात स्टीलचा गोळा बसवला. घरी यायच्या दिवशी डॉक्टर म्हणला, आजी, मांडी घालायची न्हाई, उकिडवं बसायचं न्हाई, जिमिनीपर्यंत वाकायचं न्हाई. म्हणलं किती दिवस? तो हासला. म्हणला, आता कायमचंच.

तवापासून ईचार करायले, परसातलं कोणतं काम हाय जे उभ्यानं होतंय? मिरचीची भांगलण? लसणाची लावण? माती माणसाच्या कमरंपर्यंत येत न्हाई, माणसालाच खाली जावं लागतंय.

हात दुखायला. पुरे.

२६ जानेवारी, रविवार

आज वॉकर धरून मागच्या दारापर्यंत गेले. शुभदानं कमरंला धरलं होतं. शुभदा माझी सून. सेलूची हाय, शहरातली. घुमी हाय पयल्यापासून. मला उठवायचं, न्हाणीत न्यायचं, धुवायचं, सगळं तीच करती, पण तोंडातून शब्द निघंल तर शपथ. अन् दिवसभर कसल्याशा दुखण्याच्या मलमाचा वास मारती अंगाला. म्हणलं, दुखणं मला अन् मलम तुला? तर नुसतीच हासली.

दारातून परस बघितलं. मिरच्या वाळून गेल्या. वालाच्या शेंगा झाडावरच तडकल्या. पानवेल तेवढी हिरवी हाय, दोन्ही. एक हादग्यावर चढवलेली, स्वयंपाकघरातून हौदाकडं जायच्या वाटंवर. दुसरी कोपऱ्यातल्या शेवग्यावर. हादग्यावरची माझ्या सासूनं आणलेली. वालूरमधी कुणाचं लगीन असो का बारसं असो, विड्याची पानं आमच्या घरून जातेत. बाजारातलं पान झणझणीत असतंय, आमचं गोड.

पण पानवेलीचं असं असतंय की ती वर वर पळती. पार शेंड्याला पोचती अन् बुडाला निस्ती दोरीवानी उघडी ऱ्हाती, पान न्हाई, काय न्हाई. मंग साल-दोन सालानं तिला उतरवावं लागतंय. सगळी वेल झाडावरून खाली घ्यायची, बुडापाशी खड्डा करायचा, उघडी वेल डोक्यावरच्या चुंबळीवानी गोल गुंडाळून त्यात पुरायची अन् शेंडा तेवढा हातभर वर ठेवून झाडाला बांधायचा. पुरलेल्या पेरापेराला मुळ्या सुटतेत, वेल नव्यानं तरणी होती. न्हाई उतरवली तर उन्हाळ्यात खालून वाळत जाती. मागच्या साली मी आळस केला. आता औंदा न्हाई उतरवली तर गेलीच.

अन् हे काम उकिडवं बसल्याबिगर होत न्हाई.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काय न्हाई. पाय जड. लिंगपूजा खुर्चीवर करते. डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग घेऊन खुर्चीत बसले की मला बसस्टँडवर बसल्यावानी वाटतंय. जीव रमत न्हाई कशात. जेवणबी गोड लागत न्हाई.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शिवप्रकाश दुकानातून जेवायला आला अन् म्हणला, "आई, परसात ब्लॉक बसवून घ्यायलोय. सटवाजी मिस्त्रीला सांगितलंय."

"कुठपर्यंत?"

"दारापासून हौदापर्यंत. सगळं एका पातळीत. वॉकर सरळ चालंल."

"मधी हादगा हाय."

"तोडायचा की."

म्हणलं, "अन् वेल?"

तो भाकरी मोडत म्हणला, "आई, त्या वेलीपायी तू पडलीस. तुला उचलून गाडीत घातलं तवा तू वरडलीस ते माझ्या कानातून जात न्हाई अजून. मला ते झाडच डोळ्यांपुढं नको."

लेकराचं चुकत न्हाई. पण माझाबी जीव हाय का न्हाई? म्हणलं, तुझ्या आजीनं लावलेली वेल हाय ती. म्हणला, आजीच्या नावानं घरात फोटो हाय. मंग मला रडू आलं. मी रडले की तो लगेच नरम येतो, लहानपणापासून. शेवटी म्हणला, "बरं, एप्रिलच्या शेवटाला बसवजयंती हाय, तवर थांबतो. तेवढ्यात तुझी हादग्याची वेल उतरवून नव्यानं फुटली, तर हादग्याला हात लावणार न्हाई, वळसा घालून ब्लॉक बसवू. न्हाई फुटली तर झाड तोडायचं अन् तू कायबी बोलायचं न्हाई. कबूल?"

कबूल म्हणलं. काय करणार? पण उतरवू कशी, हे त्यानं इचारलं न्हाई अन् मी सांगितलं न्हाई. शुभदा ताटात वरण वाढायली होती, तिचा हात तेवढा थांबला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र झाली. ऊन लागायलंय आता.

सकाळी शुभदा न्हायला गेली ते बघून मी वॉकर घेऊन एकटीच परसात गेले. काठीला खुरपं बांधलं होतं सुतळीनं, उभ्यानं खड्डा करावा म्हणून. माती कशाची निघती? खुरपंच सुटून पडलं. ते उचलायला म्हणून जरा वाकले तर खुब्यात अशी कळ निघाली की डोळ्यापुढं काजवे. हादग्याला धरून उभी ऱ्हायले. शुभदा वल्ल्या केसानं पळत आली.

  मला धरून आत आणलं, पलंगावर बसवलं, मंग स्वतः दाराला टेकून खाली बसली अन् कमरंवर हात ठेवून लय वेळ तशीच. म्हणलं, तुला काय झालं? म्हणली, काय न्हाई, उसण भरली. आताच्या पोरीत दम न्हाई. मी तिच्या वयात हौदातून पाणी शेंदून सगळं परस भिजवीत होते.

तिला मातीची आवड असती तर इतकी फिकीर नसती मला. गच्चीवर तेलाच्या डब्यांत कायबाय लावत असती, गुलाब, ओवा, पुदिना. इथलं उपटून तिथं लावती, तिथलं इथं. पण डब्यातली माती ती काय माती? परसात ती कवा फिरकली न्हाई. बावीस-तेवीस वर्षांत पानवेलीला हात लावला न्हाई.

आता ते मीच लावू देत नव्हते, हेबी खरं. पानवेल लय सोवळी. पायात चप्पल घालून जवळ जायचं न्हाई, न्हाल्याबिगर पान खुडायचं न्हाई अन् बायकांनी अडचणीच्या दिवसांत तिची सावलीसुद्धा घ्यायची न्हाई, वेल करपती. सासूनं मला सांगितलं, मी शुभदाला सांगितलं. ती नवी नवरी होती तवा. मंग ती कायमचीच लांब ऱ्हायली. कोण रोज इचारत बसंल, आज तू कशी हायस म्हणून?

मठातले स्वामी म्हणतेत, ज्याच्या गळ्यात लिंग हाय त्याला विटाळ न्हाई. खरंच हाय ते. आमच्या घरात चुलीजवळ, पूजेजवळ कुणीबी कवाबी जातंय, आमी पाळत न्हाई. पण पानवेलीचं पाळतो. पानवेलीच्या गळ्यात लिंग कुठं हाय?

९ मार्च, रविवार

माझी ऋतुजा आली! आल्या आल्या गळ्यात पडली. वाळली पोरगी, पण चेहरा कसा तेज. दुपारी मला म्हणली, चल आजी, व्यायाम. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनं सांगितलंय, आता पालथं पडायचं अन् पाय सरळ ठेवून मागं उचलायचा. मी म्हणलं, ह्या वयात मला बेडूक करायलीस का? तिनं पलंगाच्या कडंला मला पालथी केली. तोंड खाली, हात दोन्ही पलंगाच्या बाहेर लोंबायलेले.

अन् माझी बोटं फरशीला टेकली.

तशीच पडून ऱ्हायले. ऋतुजा म्हणली, आजी दुखतंय का? म्हणलं थांब. फरशीवर बोट फिरवून बघितलं. हात खांद्यापासून पार मनगटापर्यंत मोकळे. म्हणलं ऋतुजा, हा पलंग उंच हाय. बाज ह्याच्यापरीस खाली असती न्हाई का? म्हणली, व्हय, का गं? म्हणलं, बाजंवर पालथी पडले तर हात खड्ड्यात जातील.

पोरगी माझी हुशार, लगेच उमगलं तिला. फोन करून मॅडमला इचारलं. मॅडम म्हणल्या, पालथं चालतंय, पण अंगाला पीळ द्यायचा न्हाई, पाय दुमडायचा न्हाई, अन् घटकाभरानं उठायचं. ऋतुजा फोन ठेवून नाचली. मीबी नाचले असते.

शुभदा दारात उभी राहून ऐकायली होती. म्हणली, "अन् दुसरी वेल?"

१० मार्च, सोमवार

ऋतुजा गेली. घर कसं भकास वाटायलं.

दुपारी शुभदा भांडे घासायली होती. मी खुर्ची वढून जवळ बसले. म्हणलं, "हादग्याची मी करते. शेवग्याची माझ्यानं व्हायची न्हाई, जीव तेवढा पुरणार न्हाई."

"बाई लावा एखादी."

"बाई लावून पानवेल? कुणाची काय अडचण असती, कसं इचारायचं?"

"मंग?"

"तू कर."

तिनं पातेलं उपडं घातलं. म्हणली, "माझी अडचण नसती का?"

"बघून करू की. चार दिस मागंपुढं."

तिनं नळ बंद केला. माझ्याकडं न बघताच म्हणली, "आत्याबाई, ते बंद होऊन दोन वर्षं झाली."

 म्हणलं, "मला सांगायचं न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई."

"मंग दोन वर्षं वेलीकडं का आली न्हाईस?"

"तुमी ये म्हणला न्हाई."

एवढं बोलून तिनं परत नळ सोडला. आता ह्यात माझं काय चुकलं? मला काय सपान पडतंय? पण दुपारी झोप लागली न्हाई. शुभदाला तरी पाळी जाताना लय तरास झाला असंल का? मला झाला होता. अंगाची आग आग व्हायची अन् सासूला सांगायची चोरी. मी हादग्याखाली जाऊन बसायचे.

१२ मार्च, बुधवार

आज उतरवली. हात भरून आलेत, तरी लिहिते.

शिवप्रकाशनं अन् शुभदानं मिळून बाज परसात आणली. तो म्हणला, "आई, तुझ्या जिदीपुढं हात टेकले." म्हणलं, तू हात टेकू नको, दुकानाला जा. मला उशी घालून पालथी केली. गीताबाई भिंतीवरून डोकावली. "अवो चन्नबसम्माबाई, पोहायला निघाल्या का काय?"

"व्हय," म्हणलं, "तूबी ये, हौदात बुडवते तुला."

"नको माय. माझी बकरी कोण सांभाळंल?"

"ती बकरी इकडं आली तर तिलाबी बुडवीन."

शुभदानं शिडी लावून दोन्ही वेली खाली सोडल्या. वेल बांधलेलं लव्हाळ्याचं गवत कापताना इतकी हळू, जसं काय बाळंतिणीचं डोकं विंचरायली. मंग पदर खोचून शेवग्यापाशी उकिडवी बसली. बसताना तोंडातून "आई गं" निघालं तिच्या.

अन् माझा हात मातीत गेला.

काय लिहू? कार्तिकापासून माती लागली नव्हती हाताला. वर गरम, खाली बोटभर गेलं की गार. गांडूळ निघालं एक, त्याला बाजूला ठेवलं. नाकात माती, तोंडात माती. ऋतुजानं बघितलं असतं तर फोटो काढला असता. मला एकदम भूक लागली, कधी न्हाई ती.

पण शरीर लय नाटकी हाय. खड्डा होऊस्तोवर छाती भरून आली. शुभदानं मला उलटी केली, पाणी पाजलं, परत पालथी केली. असं चाललं. मधीमधी मी तिला सांगायले, अगं खोल पुर, तू वर वर पुरायलीस, ती काय ओव्याची कुंडी हाय का? ती म्हणायची "व्हय आत्याबाई" अन् तिला पायजे तसंच करायची. चुंबळबी सैल केली तिनं. मी माझी घट्ट केली, सासू करायची तशी. शेवटाला चुंबळ खाली बसंना, मंग दोन्ही हात ठेवून छातीचा भार टाकला अन् दाबली. कट्ट वाजलं. शुभदानं वळून बघितलं. मी म्हणलं, बाजंची सुतळी तुटली वाटतं. ती जवळ आली, खड्ड्यात बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं.  माती लोटली, शेणखत घातलं, शेंडा हादग्याला बांधला.

उठताना दोघींचं अंग धरलं होतं. ती मला उठवायली अन् मी तिला, कोण कुणाला उठवायलं कळंना. तिथंच दोघी हासलो. लय दिवसांनी हासली ती.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. सगळं अंग ठणकायलं, जसं काय मलाच पुरून काढलं. शुभदानं तिचं मलम मला चोळलं. वास इतका वाईट न्हाई.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा झाला. ऊन असं की भिंती तापायल्यात. मी रोज खुर्ची टाकून हादग्यापाशी बसते अन् तांब्यानं पाणी घालते. बांधलेला शेंडा वाळला. वाळणारच, उन्हाचा दम हाय. खालून फुटंल.

शिवप्रकाश जाता येता वाळल्या शेंड्याकडं बघतो. 

१२ एप्रिल, शनिवार

शुभदाची फुटली. शेवग्याच्या बुडाशी दोन कोंब. एक बोटभर, एकाला तर दोन पानंसुद्धा. उथळ पुरलेली, सैल गुंडाळलेली! मी म्हणलं, नशीब. ती म्हणली, व्हय, नशीबच.

माझ्याकडं काय न्हाई. काठीनं माती उकरून बघावं वाटतंय, पण पुरलेलं उकरू नये. इतकं दमल्यावानी वाटायलं की सांगता येत न्हाई. पाय बरा हाय, दुखणं कमी हाय, तरी दमल्यावानी. आज व्यायाम केला न्हाई. शुभदा म्हणली करा, तर तिच्यावर वरडले. म्हणलं, कशासाठी करू? कुठं जायचंय मला? ब्लॉकवरून सरळ हौदापर्यंत, अन् हौदापासून परत सरळ दारापर्यंत?

मी असं बोलायला नको होतं. तिनं पुढ्यातलं ताट उचललं, मी अर्धंच जेवले होते. मंग गच्चीवर गेली, लय वेळ खाली आली न्हाई.

१७ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस पलंगावरच. सटवाजी मिस्त्री माप घ्यायला आला होता म्हणे. मी उठले न्हाई. शिवप्रकाशला म्हणलं, बसवजयंती कशाला, आताच तोड. तो म्हणला, शब्द दिलाय तुला, तवर थांबतो.

ऋतुजाचा फोन आला, तिला पयलं बक्षीस मिळालं कशात तरी. बरं वाटलं. पण बोलायला दम लागला.

१९ एप्रिल, शनिवार

फुटली! माझी वेल फुटली!

सकाळी शुभदा आली अन् म्हणली, आत्याबाई, जरा परसात चला. म्हणलं न्हाई येत. म्हणली, चलाच. वॉकर हातात दिला. हादग्याच्या बुडाशी, मी पुरली तिथंच, वल्ल्या मातीत, कोंब! अन् नुसता कोंब न्हाई, एकदम दोन पानांचा. अशी वेल मी जन्मात बघितली न्हाई, फुटायला उशीर केला अन् फुटली ती पानं घेऊनच. म्हणलं होतं न्हाई, खोल पुरलं की दमदार निघतंय.

जरा मान टाकून हाय, उन्हानं. शुभदानं वर गोणपाटाची सावली केली. तिच्या नखांत माती होती, म्हणलं सकाळी सकाळी काय उकरायलीस? म्हणली, पाणी घालायले होते तुमच्या वेलीला.

मी तिथंच खुर्चीवर बसून चहा प्याले. दोन कप. मंग व्यायाम केला.

२० एप्रिल, रविवार

आज कळलं, शुभदाच्या दोनातला एक कोंब गेला. तोच, पानांचा. शेवग्यापाशी निस्ती भुसभुशीत माती. मी इचारलं तर म्हणली, गीताबाईच्या बकरीनं खाल्ला असंल.

माझं डोकंच फिरलं. पोरीनं पयल्यांदा हात लावला वेलीला, एवढी मेहेनत केली अन् ती बकरी! भिंतीपाशी जाऊन गीताबाईला हाक मारली. म्हणलं, "बकरी बांधता येत न्हाई का तुला? माझ्या सुनंचा कोंब खाल्ला."

"कुणाची बकरी?"

"तुझी!"

"अवो बाई, माझी बकरी आठवडा झाला चुडाव्याला लेकीकडं हाय. नातवाला दूध पायजे म्हणून नेली जावयानं. रिकामं दावं बघायचंय का?"

"मंग काय वाऱ्यानं खाल्ला?"

"मला काय माहीत? घरात इचारा."

खोटारडी. मागं तिच्या बकरीनं वाल खाल्ला तवाबी अशीच कानावर हात ठेवून मोकळी झाली होती. शुभदा मधी पडली, म्हणली जाऊ द्या आत्याबाई, मला एक हाय की. माझा हात धरून आत आणलं. हा असा तिचा गरीब स्वभाव. कुणी डोक्यावर बसलं तरी बोलायची न्हाई.

२४ एप्रिल, गुरुवार

कोंबानं मान वर केली. धरला म्हणजे. नवं पान सुटायलंय, लाल लाल, लहान बाळाच्या कानावानी. शुभदा दिवसातून दहादा जाऊन बघती, तिच्या शेवग्याकडं कमी अन् माझ्या हादग्याकडं जास्त. आवड लागली तिला.

३० एप्रिल, बुधवार. बसवजयंती

सकाळी मठात मिरवणुकीला शिवप्रकाश गेला, मी अन् शुभदा घरीच. येताना तो सटवाजी मिस्त्रीला घेऊन आला. ब्लॉकची गाडी दारात उभी. 

शिवप्रकाश हादग्यापाशी गेला, चप्पल काढली अन् खाली बसला.  कोंबाकडं बघितलं, मंग कोपऱ्यातल्या शेवग्याकडं बघितलं, मंग शुभदाकडं. ती दारात उभी होती, पदराचं टोक हातात धरून. तो काय बोलंल म्हणून मी देवाचं नाव घ्यायले.

उठून म्हणला, "सटवाजी, वळसा घाला. झाडाला हात लावायचा न्हाई."

सटवाजी म्हणला, "मालक, वळसा घातला तर ब्लॉक कापावे लागतील."

"कापा."

मंग माझ्याकडं आला. म्हणला, "जिंकलीस आई." आवाज जरा वेगळाच होता त्याचा. शुभदाजवळून जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यासमोर असं कवा करत न्हाई तो. आज सण हाय म्हणून असंल.

दिवसभर ब्लॉक कापायच्या मशीनचा आवाज, धूळ, सगळं घर पांढरं. डोकं उठलं. संध्याकाळी ते गेल्यावर शुभदाला जवळ बसवलं. म्हणलं, "तुझा एक कोंब गेला, वाईट वाटून घेऊ नको. माझे हात जुने हायत, म्हणून माझी वेल वाया जात न्हाई. तुलाबी जमंल हळूहळू. खोल पुरायचं अन् चुंबळ घट्ट करायची, एवढं ध्यानात ठेव."

ती म्हणली, "ठेवते."

"निस्तं ठेवते म्हणून न्हाई. आता दोन साल कायबी करायचं न्हाई, वेल वाढू द्यायची. मंग परत उतरवायची. तवा करून दाखव."

"तवा तुमी बाजंवर पडून सांगा. मी दोन्ही करते."

मी हिशोब घातला, दोन सालानं मला किती वर्षं व्हतील. म्हणलं, "अगं, तवर मी कशाची ऱ्हाते?"

शुभदा म्हणली, "ऱ्हावं लागंल. मला कुठं काय येतंय अजून?"

खरं हाय तिचं. एका वेलीत काय शिकून होतंय? सैल चुंबळ करती, उथळ पुरती. तिला एकटीवर सोडलं तर वेल जायची.

लय दमले आज. पण सकाळचा व्यायाम ऱ्हायलाय, तो करून मंग पडते.